निळ्या चौकड्यांचा शर्ट

कर्वेनगर,
४ मे २०२५

चि. पूर्वा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून कपड्यांच्या पिशवीत हे पत्र ठेवते आहे. हे जाऊन दोन महिने झाले. तुझ्या प्रदर्शनासाठी तू दादाचे शर्ट मागितलेस, ते पाठवते. सगळे धुतले, कॉलरना ब्रश मारला आणि घरीच इस्त्री केली. तुझ्या भावाचे कपडे चार लोक बघणार, ते मळके नकोत.

वेळेवर जेवत जा. दादा असता तर हेच म्हणाला असता, फक्त दोनदा.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी वहिनी,
श्यामला

नारायण पेठ,
९ मे २०२५

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

शर्ट मिळाले. तुमची इस्त्री फार चांगली आहे, वहिनी. दादा त्यात कुठेच उरला नाही. चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं. मी कापडाला शाई लावून कागदावर ठसा घेते. मला हव्या असतात त्या सुरकुत्या, कोपरातल्या, काखेतल्या, पाठीवरच्या. माणूस कसा बसायचा, कसा वाकायचा, ते कापडात राहतं.

सुदैवाने त्याचा एक जुना शर्ट इथे स्टुडिओत अडकवलेला होता. रविवारी माझ्या फ्रेम ठोकायला आला की तो घालायचा. त्याचेच ठसे घेतले. एकवीस तारखेपासून प्रदर्शन आहे, नक्की या. आणि शेवटच्या दिवशी त्याच्या अंगात होता तो निळ्या चौकड्यांचा शर्ट तुमच्याकडे असेल, तर कृपा करून धुऊ नका. मधली भिंत मी त्याच्यासाठी रिकामी ठेवली आहे.

रागावला असाल तरी लोभ असू द्या.

आपली,
पूर्वा

कर्वेनगर,
२६ मे २०२५

चि. पूर्वा हिस अ. उ. आ.

प्रदर्शन पाहून आले. तू गर्दीत होतीस म्हणून न भेटता निघाले. खरं तर गर्दी नसती तरी निघाले असते.

रविवारी हे तुझ्याकडे येत, ते मला ठाऊक होतं. तिथे वेगळा शर्ट ठेवला आहे, हे ठाऊक नव्हतं. ह्यांचा मी कधीच न धुतलेला तेवढा एकच शर्ट, आणि लोकांनी त्याला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला होता. उजव्या खांद्याची एक सुरकुती मला ओळखू येईना. मग कळलं, हातोडीची असणार. आमच्याकडे ह्यांनी एक खिळा ठोकला नाही. मी सुतार बोलवायची.

शेजारी एक बाई डोळे पुसत होत्या. त्यांनी मला विचारलं, तुम्ही ओळखत होतात का यांना. मी म्हटलं, थोडंफार.

चित्रं चांगली आहेत. वाईट असती तर मला बरं वाटलं असतं.

चौकड्यांचा शर्ट आहे. त्या दिवसापासून धुतलेला नाही. पण तो तुझ्या कामाचा नाही. संध्याकाळी मी तो घालून स्वयंपाक करते. कोपरातल्या सुरकुत्यांत आता माझ्याही मिसळल्या आहेत, पोटावर फोडणीचे डाग आहेत. ह्यांच्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या, हे शाई लावून तुला सांगता येणार नाही. मलाही येत नाही. म्हणूनच मी तो देणार नाही.

मधली भिंत रिकामीच ठेव. काही लिहायचंच असेल, तर शर्ट घरी वापरात आहे, एवढं लिही.

रविवारी जेवायला ये. लोभ आहे आणि हेवाही आहे, दोन्ही सांभाळून घे.

तुझी वहिनी,
श्यामला