जैनाची लेक माशा मारती

चि. नेमगोंडास,

कोल्हापुरातनं आक्काचा जय जिनेंद्र. वेळेवर जेव आणि बायकोचं ऐकत जा, माझं तर कधी ऐकलं न्हाईस. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हणून लिवतोय.

मी हितं बरी हाय. चंद्रीच्या अंगावर गाठी आलेला फोटो तू धाडलास, तो आदितीला दावला. "लंपीच हाय," म्हणाली आणि जेवायची थांबली.

मी म्हटलं, "मामाच्या गाईला औषध दे की. गुरांच्या रोगांचा अभ्यास करता करता तुझं लगीन बी ऱ्हायलं."

तर म्हणाली, "आई, लस आधी टोचायची असती. लागण झाल्यावर ह्या विषाणूवर औषध न्हाय. डॉक्टर ताप आणि जखमा बघतील. मामाला सांग, वासरू लांब बांधा आणि माशा बसू देऊ नका."

गुरांचे रोग कोण पसरवतंय ते बघायला ती प्रयोगशाळेत माशा तपासती. म्हणून मी तिला कायम चिडवतो, जैनाची लेक आणि माशा मारती. त्या दिवशी बी सवयीनं तेच बोलून गेलो. एरवी ती हसती. त्या दिवशी म्हणाली, "व्हय आई. पंधरा वर्सं माशाच मारल्या."



चंद्री वैरण खाती का? खरं काय ते लिव. वासरू लई हंबरतंय का?

गोठ्यात कडुलिंबाचा धूर कर. जवळ बसून टावेलनं वारा घाल. माशा मारू नगंस, नुसत्या हाकल. चंद्री जाईपत्तोर हाकल.

तुझी,
आक्का