तुम्ही आणलेला कॉम्प्युटर

बाबा,

तीन शनिवार मी बुलढाण्यातल्या एका जुन्या लॅपटॉपच्या दुकानात गेलो आणि काही न घेता परतलो. माझा आहे तो आता थकला. कृषी केंद्रांसाठी बिलांचा जो प्रोग्राम मी लिहितो, तो चालवायला घेतला की तापतो आणि अडून बसतो. नवा जेवढ्याला मिळतो तेवढ्यातच इथे एखाद्या कंपनीने वापरून काढलेला, दुप्पट मेमरीचा, दणकट कीबोर्डचा मिळतो. प्रोग्रामिंग करणाऱ्याला चकचकीत झाकण नको, मेमरी आणि कीबोर्ड हवा. हे मी दुसऱ्या कोणालाही दोन मिनिटांत पटवून देईन. स्वतःचं मात्र ठरत नव्हतं. बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते पाहायचं, डिस्क तपासायची, बिजागरी उघडझाप करायची, एकेक बटण दाबायचं, आणि शेवटी मागचं झाकण उघडायला लावायचं. मागच्या शनिवारी दुकानदार वैतागला. "सर, एवढं तं लोक पोरगी पाहाले गेल्यावरही नाही पाहात. आता पत्रिका आणू का याची?" मी हसलो. पण झाकण निघालं, आतल्या पंख्यावर धुळीचा पातळ थर दिसला, आणि दुकानात तुम्ही उभे होतात. हातात प्रसादाची ताटली.

धामणगावच्या घरातली ती सकाळ अजून सरत नाही. तुम्ही मास्तरकीतून निवृत्त होऊन दोन महिने झालेत. आई आधीच गेलेली, घरात आपण दोघंच. बारावीनंतर मी घरी बसलो आहे आणि पुस्तकं वाचून वहीत प्रोग्राम लिहितो आहे, कारण चालवून पाहायला कॉम्प्युटरच नाही. तुम्ही मला न विचारता मलकापूरहून तो घेऊन येता, कोऱ्या खोक्यात. मॉनिटरला झेंडूचा हार, कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारचे चार जण बोलावलेले. नारळ फुटतो, कॉम्प्युटर सुरू होतो आणि दोन मिनिटांत गोठतो. मी पेचकस घेऊन बाजूचा पत्रा काढतो. आत धूळ, स्क्रूंची डोकी झिजलेली, एका भागावर कुणा मिस्त्रीने पेनाने लिहिलेली पाच वर्षांपूर्वीची तारीख.

"बाबा, तुमाले चुना लावला त्यानं. नव्या खोक्यात भंगार भरून देल्लं."

"अबे, दुकानात तं चालू होतं," तुम्ही म्हणालात. "मले काय समजते त्यातलं?"

"नाही समजत तं आनाले काऊन गेले मंग?"

हे मी चार माणसांसमोर म्हणालो. तुम्ही ताटली उचललीत. मग सगळ्यांना प्रसाद दिलात, मला शेवटी.

तिसऱ्या दिवशी तुम्ही भाजीला गेलात तेव्हा मी मेमरीची पट्टी काढली, तिची सोनेरी कड तुमच्याच खोडरबराने घासली, धूळ ब्रशने झाडली. कॉम्प्युटर सुरू झाला. गोठला नाही, आणि पुढेही कधी गोठला नाही. त्यावरचा माझा पहिला प्रोग्राम औटकीचा, तुम्ही पाठ करून घेतलेला साडेतीनचा पाढा. पडद्यावर पस्तीस उमटले आणि अंगणात तुमची चप्पल वाजली. मी बटण बंद करून वर कापड टाकलं. ज्याला भंगार म्हटलं तो चालतो, हे कोणत्या तोंडाने सांगू? तुमची बाज त्याच खोलीत. दिवसा तिथेच बसणं, रात्री तिथेच निजणं. तुम्ही बाहेर पडलात की माझी शाळा भरायची. आजही दार वाजलं की माझा हात आपोआप लॅपटॉप मिटवतो. बायकोला वाटतं, मी भलतंच काही पाहतो.

आठवडाभराने तुम्ही बिल घेऊन मलकापूरला गेलात. संध्याकाळी परतलात, पाय धुतलेत, आणि जेवताना म्हणालात, "तो म्हने, मास्तर, पोराच्या बोलन्यावर जाऊ नका, पोराले काय समजते? मी म्हनलं, माह्या पोराले समजते. त्यानं भंगार म्हनलं म्हंजे भंगारच." मी ताटातून मान वर केली नाही. कापडाखालचा मॉनिटर अजून कोमट होता.

आज जुनाच घेतला. दुकानदाराने पिशवीत भरता भरता विचारलं, "सर, हे सारं शिकले कोणापाशी तुमी?" मी वर्षानुवर्षं देतो तेच उत्तर दिलं, "कोणापाशी नाही. स्वतः शिकलो." ते वाक्य घरापर्यंत सोबत आलं. आता या नव्या-जुन्या कीबोर्डवर पहिलं हे पत्रच लिहितो आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, एवढं मी स्वतःला ओळखतो.

तो चालत होता, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं. राहून गेलं नव्हतं. बिल घेऊन दुसऱ्यांदा मलकापूरला निघालात तेव्हा तुम्ही पायरीवर थांबून विचारलंत, "गुडघा दुखून राह्यला बे. जाऊ ना?" मी "जा" म्हणालो. एस.टी.ने जाऊन यायला तुम्हाला सबंध दिवस लागायचा, बाबा, आणि मला सबंध दिवस हवा होता.