शाफ्ट मोजायला कसली आलीय अक्कल!

रविवार, १ मार्च
संकल्प: १३ सप्टेंबरला स्कॉरबेकच्या टेकडीवर गाडी चढवण्याचा विक्रम परत घेणे.

टेकडी विकली गेली. नवा मालक म्हणे मेंढ्या पाळणार. म्हणजे ही शेवटची शर्यत. त्यानंतर क्लबच्या फळ्यावर ज्याचं नाव, ते कायमचं. १९९७ पासून तिथं माझं होतं: डेस्मंड होलरॉइड, ३९.९२ सेकंद. गेल्या वर्षी ते पुसून ग्लेनिस पिकर्सगिलचं लिहिलं, ३९.७१. वय सदुसष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका, शर्यतीला विणकामाची पिशवी घेऊन येते!

१९९७ नंतर माझी वेळ बेचाळीसच्या खाली आलेली नाही. कारण शेंबडं पोरही सांगेल. गिअरबॉक्स जुना.

शनिवार, ४ एप्रिल
सिक्वेन्शियल गिअरबॉक्स आला. दांडा ओढला की वरचा गिअर, ढकलला की खालचा. एकदा गाडी सुटली की क्लचची भानगड नाही. ग्लेनिस अजून लापशी ढवळावी तशी गिअर टाकते. ढवळ म्हणावं.
जॅनिसने विचारलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे किती दिवस राहणार. चार दिवस, म्हटलं. बायकोने जरा उत्साह दाखवायला काय होतं?

रविवार, १९ एप्रिल
रॅल्फ ऑल्डरसनला फोन. हा शाफ्ट बनवतो, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारी ती लांब नळी. म्हणाला, नवा गिअर हातोडा मारल्यासारखा बसतो, तो दणका जुना शाफ्ट सोसणार नाही. जाड नळीचा, टोकांना मोठे सांधे असलेला करून घे. शिवाय नवा गिअरबॉक्स आखूड आहे, तेव्हा लांबीही वाढवावी लागेल.
न्हाव्याला विचारावं, केस वाढलेत का! नाही म्हणून सांगितलं. जुन्यालाच एक तुकडा जोडून लांब करतो.

शनिवार, १६ मे
गल्लीत चाचणी. दुसरा गिअर टाकला आणि शाफ्ट पिळलेल्या टॉवेलसारखा झाला. शेजारच्या दोघांनी गाडी ढकलत घरी आणली. हसत होते. दोघांच्याही गाड्या ऑटोमॅटिक. यांचं हसणं कोण मनावर घेतो?
जाड शाफ्ट घालायचा हा माझा मूळ विचार होताच.

शनिवार, ६ जून
मोजमाप. गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडांवर, चढवली. चाकं हवेत लोंबती, खाली ऐसपैस जागा. पाठीखाली उशी. गिअरबॉक्स ते अ‍ॅक्सल, १०१२ मिलिमीटर. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. याला म्हणतात अचूकपणा.
रॅल्फला आकडा कळवला, तर विचारतो कसा, मोजताना गाडी चाकांवर उभी होती ना? अ‍ॅक्सल लोंबत असला तर माप कमी येतं, म्हणाला. त्याला सांगितलं, तू टेपला हात लावायच्या आधीपासून मी गाड्या खोलतोय. हो किंवा नाही म्हणण्याची गरज वाटली नाही.
फोन ठेवला तर जॅनिस. चहा ओतता ओतता म्हणाली, अरे पण होती का उभी? भिंतींना कान असतात हे ऐकलं होतं, किटलीलाही असतात.

शनिवार, ११ जुलै
क्लबचं जेवण. मटणाची पेस्ट्री चामट. ग्लेनिसने सगळ्यांदेखत बजावलं, डेस्मंड, मोजशील तेव्हा गाडीचं वजन चाकांवर असू दे हं. शाळा सुटली, पट्टी सुटली नाही! मी हसलो आणि दुसरीकडे जाऊन बसलो.

शनिवार, २२ ऑगस्ट
शाफ्ट आला. काय देखणा! बसवला. पुढचं टोक गिअरबॉक्सच्या तोंडात बोटभरच जातं, पण लोखंड तापलं की फुगतं, तेव्हा थोडी जागा हवीच. घोड्या काढल्या. गाडी चाकांवर बसताना खालून टक् असा आवाज आला. नव्या वस्तू बोलतात.
चाचणी घेतली नाही. नवा शाफ्ट उगाच कशाला झिजवा.

रविवार, १३ सप्टेंबर, सकाळी ७
हवा स्वच्छ. दोन अंडी, तीन बेकन. विजयाचं भाषण कोटाच्या खिशात. त्यात ग्लेनिसबद्दल एक उदार वाक्य घातलं आहे.

त्याच दिवशी, दुपारी ३
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
सुरुवातीच्या रेषेपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. चढावर ती मागे घसरू नये म्हणून मार्शलने नेहमीप्रमाणे चाकामागे लाकडी पाचर लावली. हिरवा दिवा. क्लच सोडला. धाडकन आवाज. गाडी फूटभर पुढे गेली, थांबली, आणि हळूच मागे येऊन पाचरीवर टेकली. इंजिन गर्जत होतं. शाफ्टचं पुढचं टोक डांबरावर पडलं होतं. मार्शलने वाकून पाहिलं आणि अदबीने विचारलं, हे तुमचंच ना?
चौघांनी ढकलून गाडी बाजूला काढली.
तिथं ग्लेनिस आली. म्हणाली, रडत काय बसलास, माझी गाडी घे, सीट मागे सरकवून देते. आमच्यात एक गाडी दोघांनी चालवायला बंदी नाही, अर्धा क्लब तेच करतो. नाही म्हणणार होतो. पण पुन्हा ही टेकडी नाही. मला चालवायचं होतं. फार चालवायचं होतं.
शिवाय ती गाडी जाणत्या हातात काय करते, हे जगाला एकदा कळायला हवं होतं.

सोमवार, १४ सप्टेंबर
जॅनिस बाजारात गेल्यावर गाडी चाकांवर उभी केली आणि पुन्हा मोजलं. १०४०. अठ्ठावीस मिलिमीटर. कोणाला सांगितलेलं नाही.
कालचा निकाल. ग्लेनिस, तिच्या गाडीत: ३९.६४. नवा विक्रम, आता कायमचा. मी, त्याच गाडीत, तिच्यानंतर दहा मिनिटांनी: ४२.३१.
गेल्या वर्षी मी, माझ्या गाडीत, जुन्या गिअरबॉक्सवर: ४२.३०.
ग्लेनिस काल आकडे बघून म्हणाली होती, सातत्य मात्र वाखाणण्यासारखं आहे हो तुझं. चिडवत नव्हती, तेच जास्त लागलं.
कारणं लिहायला बसलो. सीट नीट सरकली नव्हती. खोडलं, सरकली होती. डोळ्यांवर ऊन. खोडलं, तोवर ढग आले होते. मागे विणकामाची पिशवी, तिचं वजन. तेही खोडलं. ती पिशवी मी चढायच्या आधी तिने काढून घेतली होती.