चि. धनेश, बँकेच्या लेखी कैलासवासी

आरोंदा,
१४ डिसेंबर

चि. धनेश यास (चि. लिहिताना बँकेची परवानगी घेतलेली नाही),

सुशीलाताईचे अनेक आशीर्वाद. औक्षवंत हो, हे मी दरवेळी सवयीने लिहिते, या खेपेला मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे कळेल. इकडची खुशाली विचारशील (विचारत नाहीस, पण पत्राची रीत म्हणून विचारलीस असं धरते) तर आईला एक्याऐंशीवं लागलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, डाव्याने ती माणूस ओळखते, पण तो बोलला की मग. तुमची खुशाली आम्हांला फोटोंवरून कळते. तू आणि सूनबाई तेजस्वी कुठल्याशा बाकू नावाच्या गावी बर्फात उभे राहिलात, तो फोटो मी आईला नाकाशी धरून दाखवला. बाकू आरोंद्यापेक्षा लांब आहे का, असं तिने विचारलं. दोह्याहून दोन्हीकडे जायला साधारण तेवढाच वेळ लागतो, असं मी सांगितलं.

पत्र कागदावर का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मी काहीही पाठवलं की तू अंगठा दाखवतोस. आईचा रक्तदाब वाढला, अंगठा. गुरांच्या मांगरावर माड पडला, अंगठा. (आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे परदेशात राहून तू विसरला असशील.) बाजारातल्या खतिजाचाचींचा खालिद परवा दोह्याला निघालाय, त्याच्याकडे आगळाची बाटली आणि हे पत्र देते आहे. बाटली गळून कागदावर लाल डाग पडले तर घाबरू नकोस, कोकमाचेच आहेत.

आता तुझ्या खात्याविषयी. 'ताई, आईच्या औषधपाण्याला असू देत' म्हणून जे खातं तू ठेवून गेलास, ते मी इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखं सांभाळलंय. तू पैसे पाठवलेस की तिकडची बँक आपला वाटा काढते. मध्ये कुठलीशी तिसरीच बँक आहे, ती तुझ्या ओळखीची नाही की माझ्या, तीही काढते. इथे उतरल्यावर आपली शाखा रियालचे रुपये केल्याबद्दल काढते आणि त्या काढण्यावर सरकार जीएसटी काढतं. पाडेलीसुद्धा नारळ पाडायचे दोन नारळ घेतो, पण निदान तो माडावर चढतो. बरं, पोचलेले पैसे तरी सुखाने बसावेत? खात्यात ठरलेली रक्कम नाही म्हणून दंड, आणि दंड कापल्याने रक्कम आणखी घटली म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा दंड. एटीएम कार्डाची वर्षाची फी वेगळी (ते कार्ड तू घेऊन गेलास आणि तिथे ते चालत नाही, हे तूच सांगितलंस). नवं कार्ड घरी पाठवल्याचा आकार, आणि घरी तू नाहीस म्हणून ते परत गेल्याचाही आकार. वर मेसेजचे पैसे. दर तिमाहीला मेसेज येतो, की आपल्या खात्यातून मेसेजचे पैसे कापण्यात आले आहेत. हा मेसेजच पाठवला नाही तर कापायला कारण उरणार नाही, असं मी काउंटरवर सांगून पाहिलं. त्यांनी टोकन घ्यायला सांगितलं.

तुझं इकडचं सिम आईच्या फोनमध्ये आहे, हे तुला आठवत असेल-नसेल. म्हणजे हे सगळे मेसेज येतात ते तिच्या उशाशी. टिंग वाजलं की आई विचारते, 'धनेशाचो काय गो?' पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग पुढच्या टिंगला मी म्हटलं, होय, त्याचाच, जेवलीस का विचारतोय. तेव्हापासून ही सवय लागली. कार्डाची फी कापली गेली की तू तिला गुडघ्याला तेल लावायला सांगतोस. किमान रकमेचा दंड झाला की स्वेटर घालून झोप म्हणतोस. एकदा जीएसटी जरा जास्त कापला गेला, तेव्हा तुला भरून आलं आणि तू चतुर्थीला येतो म्हणालास (ती माझी चूक, कबूल. तिने गणपतीवर माटवी बांधेपर्यंत वाट पाहिली). बँकेने कापलेल्या पैशांत तू फार चांगला मुलगा झालास बघ. इतकी वर्षं जो काही मुलगा होतास तो त्या आकारांमुळेच होतास, आणि हे लिहिताना मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस.

सप्टेंबरात मेसेज आला, परदेशी राहणाऱ्या खातेदाराचे कागद जुने झालेत, नवे न दिल्यास खातं गोठवू. (त्या दिवशी तू आईला औषधं वेळेवर घे म्हणालास.) खात्याला नॉमिनी म्हणून आईच आहे, तेव्हा तिला समर्थच्या रिक्षात बसवून शाखेत नेलं. तिथे आता निकोसे म्हणून नवे साहेब आलेत, चंद्रपूरकडचे. माणूस भला, पण आपली बोली त्यांच्या घशात उकड्या भातासारखी अडकते. मी समोर झेरॉक्स काढायला गेले, तेवढ्यात त्यांनी आईला विचारलं, मुलगा कुठे असतो? आई म्हणाली, 'गेलो.' कधी? 'सा वर्सां झाली.' आणि पदराने डोळा पुसला. त्या डोळ्याला मोतीबिंदूमुळे एरवीही पाणी येतं, पण हे निकोशांना कोण सांगणार. आपल्यात गेलो म्हणजे गेलो आणि वारलो म्हणजे वारलो. चंद्रपुरात तसं नसावं. मी परत आले तर फॉर्म भरून तयार, त्यावर आईचा अंगठाही झालेला. साक्षीदार म्हणून माझ्यापुढे सरकवला, मीही घाईघाईत सही ठोकून दिली. साहेब स्वतः आईचा हात धरून रिक्षापर्यंत सोडायला आले. बँकेचा माणूस रिक्षापर्यंत येतो, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर अर्धा गेला, खात्यातून एक पैसा कापला गेला नाही. मला वाटलं देव पावला. तेवढ्यात तू पाठवलेले पैसे परत आले आणि तू मला फोनवर तिरकस बोललास, म्हणून मी शाखेत गेले. निकोसे उठून उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ताई, दाखला आणलात का? मी म्हटलं, कसला? मृत्यूचा, म्हणाले. त्यांच्या संगणकात तू सप्टेंबरपासून मयत आहेस, धनेश. जिवंत होतास तोवर तुला एक महिना सोडलं नाही, आणि मेल्यावर सगळे हात जोडून लांब उभे राहिले. मला खुर्ची दिली, चहा दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या शाखेत मला कुणी टोकन घ्यायला सांगितलं नाही.

पण फी थांबली तसे मेसेजही थांबले. टिंग वाजेना. आई फोन हलवून बघायची, बिघडला का म्हणून समर्थला दाखवायची. एक दिवस जेवता जेवता म्हणाली, 'धनेश माझ्यावर रागावलो काय गो?' मी पान तसंच टाकून उठले. त्यातच समर्थच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याने तिला बँकेची सगळी हकीकत सांगून टाकली. मग काय, दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं. गावकारांनी नारळ ठेवून देवाला हाक घातली, 'बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक बँकेन जिताच मारल्यान, त्येचा आयुष्य तू राखून घे रे म्हाराजा,' आणि आम्ही सातआठ जणांनी 'होय म्हाराजा' म्हटलं. तू कुठल्या गावी असतोस हे सांगावं लागतं. गावकारांना दोहा येईना, त्यांनी डोह म्हटलं. आईने दुरुस्त केलं नाही.

तेव्हा मुद्द्याचं लिहिते. निकोशांचं म्हणणं स्पष्ट आहे, मयत खातेदाराला जिवंत करायचं तर तो पासपोर्ट घेऊन शाखेत समक्ष हजर झाला पाहिजे. आता विमानं गोव्यातल्या मोप्याला उतरतात, आपल्या अंगणातून दिसतात, तिथून घर तासाभरावर आहे. जानेवारीत सावंतवाडीला डोळ्यांचं शिबिर आहे. डॉक्टर म्हणाले आता आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. आई ऐकत नाही. म्हणते, 'धनेश येतलो तेवाच डोळो उघडतलंय.' मी समजावलं, रागावले, एकदा अबोलाही धरला. ती हट्टाला पेटली की आपल्या दोघांचं मिळून काही चालत नाही, तू तर नाहीसच. तेव्हा वीस जानेवारीच्या आत ये. तेजस्वीला आशीर्वाद सांग.

तुझी,
सुशीलाताई

ता. क. : आगळाच्या बाटलीभोवती जो कागद गुंडाळलाय तो फेकू नकोस, बँकेचा फॉर्म आहे. त्यावर सही करून तिकडच्या भारतीय वकिलातीचा शिक्का मारून पाठवलास तरी खातं जिवंत होतं, तुला यायला लागत नाही. निकोशांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. 'समक्ष' हा शब्द माझा. आईला यातलं काही माहीत नाही.

पुन्हा ता. क. : निकोशांना उगाच नावं ठेवू नकोस, मीही वर ठेवायला नको होती. बोली समजत नाही म्हणून त्यांनी आईला दोनदा विचारलं होतं, परत येणार आहेत का? आई म्हणाली, 'नाय. तो येवचो नाय.' देवळातून येताना तिनेच मला हे सांगितलं. आणि मी घाईघाईत सही केली, तेही खरं नव्हे. सव्वीस वर्षं अंगणवाडीचं रजिस्टर लिहिलंय मी, न वाचता सही करत नाही. 'मयत' वाचलं, तुझं नाव वाचलं, आणि सही केली. हे वाचून तुला राग आला असेल तर फोन करू नकोस. इथे येऊन भांड.