स्वीडनमध्ये झोपण्याचा परवाना

अल कुसैस, दुबई

चि. गुणवंत यास मृणालिनीताईचे आशीर्वाद.

तुझं पोट, रुपालीचे गुडघे आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट, या तिन्हींची प्रकृती कळवावी. माझी उत्तम आहे. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणत टीव्ही बघतोस हे मला इथे ऐकू येतं, म्हणून लिहून पाठवते आहे. उभ्याने वाचू नकोस.

शार्दूलची दुबईतली नोकरी गेली हे तुला ठाऊक आहे. (कंपनीने त्याचा सगळा विभागच बंद केला आणि निरोपाला केक कापला. बुडत्याला केक कशाला, ते मला कळलं नाही.) मुलाचा व्हिसा गेला की त्याच्यावर टांगलेला आईचाही जातो, हा इथला नियम. पण पोराने हातपाय हलवून कोपनहेगनला, म्हणजे डेन्मार्कात, नोकरी मिळवली. तिथली घरं काही परवडेनात. तेव्हा त्याच्या दुबईकर डोक्यात आलं की समुद्रावरचा पूल ओलांडला की स्वीडनमधलं माल्मो, तिथे भाडी कमी. इथे नाही का, आमच्या वस्तीच्या पुढे शारजा सुरू होतं आणि निम्मं शारजा रोज सकाळी हॉर्न वाजवत दुबईत कामाला येतं, संध्याकाळी शिव्या देत झोपायला परत जातं? कोणी विचारत नाही. तेच तिथे करायचं. त्याने माझं मत घेतलं. मी राज्यशास्त्रात बी. ए. केलेलं आहे, उत्तर युरोपातल्या देशांचं प्रादेशिक सहकार्य यावर आम्हाला पेपरात प्रश्न होता. मी सांगितलं, बिनधास्त जा. डेन्मार्क आणि स्वीडन शेकडो वर्षं एकमेकांची डोकी फोडून दमले, आणि गेल्या शतकाच्या मध्यावर शेजारच्या देशांसह शहाणे झाले. त्यांनी समाईक परिषद काढली, एकमेकांकडे राहायला, कामाला जायला त्यांना परवाना लागत नाही. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी आजही पूर्ण गुण घेईन. फक्त ही सवलत त्या देशांच्या नागरिकांना आहे, आणि शार्दूल पुण्याचा आहे.

तर सगळे माल्मोत राहायला गेले. एके संध्याकाळी कामावरून परतताना, पूल ओलांडल्यावर पहिल्याच स्टेशनात पोलिसाने शार्दूलचे कागद पाहिले. काम डेन्मार्कात, परवाना डेन्मार्कचा, मग स्वीडनमध्ये काय करता? शार्दूल म्हणाला, "झोपतो." झोपायला वेगळा परवाना लागतो, असं त्या माणसाने फार सौजन्याने सांगितलं. (आपल्याकडे निदान ओरडले असते, भांडायला काही तरी धरायला मिळतं.) आता स्वीडन म्हणतं, निघा. डेन्मार्क विचारतं, आमच्याकडे राहायची परवानगी घेतलीत आणि राहिलात कुठे? निकाल लागेपर्यंत नोकरी टांगणीला. मी नातीला, ईश्वरीला, फोनवर म्हटलं, तुझ्या बाबांना सांग, हवं तर मी त्यांच्या मंत्रालयाला लिहिते, हा माझा विषय आहे. तर म्हणते, "आजी, प्लीज, डोन्ट हेल्प." मग सूनबाईने, आभाने, फोन घेतला आणि "आई, जेवलात का?" असं विचारलं. आभा कधी असलं विचारत नाही. तेव्हाच मला कळलं की परिस्थिती वाईट आहे.

मी अजून डेझीकडेच आहे. डेझी म्हणजे आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली, मूळची वसईची, इथे हॉटेलात कामाला. मुलं तिकडे स्थिरावली की मला बोलावणार, तोवर टुरिस्ट व्हिसावर तिच्याकडे राहायचं, असं ठरलं होतं. परवा भाजी निवडताना ती म्हणाली, "आंटी, म्हणजे तुमचं डेन्मार्क खलास?"

मी म्हटलं, "डेन्मार्क आहे तिथेच आहे. आपण खलास."

"मग स्वीडन?"

"तेही."

"यल्ला, चला, मग नॉर्वे, इन्शाल्ला!" ती हसली. मीही हसले. नंतर आभाकडून नीट समजून घेतलं. नोकरीसाठी आलेल्या माणसाला तिकडे बायको आणता येते, लहान मुलं आणता येतात. हिंडती-फिरती आई त्यांच्या लेखी कुटुंबात मोडत नाही. (आजारी असते तरी फारसा फरक पडला नसता, मी चौकशी केली.) या एका मुद्द्यावर दोन्ही देशांचं संपूर्ण एकमत आहे. सहकार्य म्हणतात ते हेच. शार्दूलने अजून मला हे सांगितलेलं नाही. तो 'थोडं थांब आई' म्हणतो. मी थांबते.

तर इतकंच. माझी काळजी करू नये. मला कशाचीही गरज नाही.

तुझी,
मृणालिनीताई

ता. क. माझा व्हिसा याच महिन्यात संपतो. तुमच्या मागच्या खोलीत सध्या इस्त्रीचं टेबल असतं असं ऐकते. ती खोली मला हवी आहे. टेबल राहू दे.

आणखी एक. हे रुपालीला. रुपाली, याची पत्रं तू आधी उघडतेस, म्हणून तुलाच विचारते. मागच्या खेपेला मी तुझ्या स्वयंपाकघरातले डबे माझ्या पद्धतीने लावले, आणि तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. (डबे सोयीचे झाले होते, हे माझं मत कायम आहे.) यापुढे तू सांगितल्याशिवाय मी तिथला चमचाही हलवणार नाही. नाही म्हणायचं असेल तर तू म्हण. गुणवंताला म्हणायला लावू नकोस. त्याला ते जमत नाही, आणि मग तो फोनच उचलत नाही.

शेवटचं. जे असेल ते लवकर कळव. डेझीची सासू वसईहून यायची आहे आणि जादा खोली ही एकच. डेझी मला काही बोललेली नाही. हल्ली फक्त चहाबरोबर बिस्किटं जास्त ठेवते. तिला बोलावं लागण्याच्या आत मला निघायचं आहे.