धाकट्याच्या गाडीतला कॅमशाफ्ट

बाबा, धाकट्यानं गाडी घेतली. पेट्रोलची, टर्बोवाली, राखाडी रंगाची. तुम्ही गेलात तेव्हा तो चार वर्षांचा होता. आता आष्टीला संत्र्याची बाग सांभाळतो आणि आईच्या कमरेचं दुखणं वाढलं की तिला वर्ध्याला दवाखान्यात घेऊन येतो. मी वर्ध्यातच असते. नागपूर रस्त्याला माझं गॅरेज आहे. लोक आपल्या चांगल्या चालत्या गाड्या आणून देतात आणि मी त्यांची इंजिनं उघडून ताकद वाढवून देते. तुम्ही जन्मभर सरकारी जीप चालवलीत, पण बॉनेटखाली हात घालायला तुम्हाला आवडायचं नाही. तुमची मुलगी दिवसभर तेच करते, हे तुम्हाला कसं सांगितलं असतं याचा मी कधी कधी दुपारी शटर अर्धं ओढून विचार करत बसते.

धाकटा गाडी घेऊन आला तेव्हा त्याचं आधीच ठरलं होतं. "ताई, मोठा कॅम टाक. गाडी उभी असली तरी थरथरली पायजे." कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर फिरणारा दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. ते व्हॉल्व दाबतात, व्हॉल्व उघडतात, इंजिन हवा आत घेतं आणि धूर बाहेर टाकतं. उंचवटा रुंद असला की व्हॉल्व जास्त वेळ उघडे राहतात आणि आतले-बाहेरचे दोन्ही काही काळ एकदमच उघडे असतात. शर्यतीच्या गाडीला ते चालतं. इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोला मात्र धुराच्याच जोरावर फिरायचं असतं, त्यामुळे धुराच्या वाटेत दाब साठलेला असतो, आणि दोन्ही दारं एकदम उघडी सापडली की तो धूर उलटा आत शिरतो. मग खालच्या वेगात गाडी मरगळते. हे सगळं मी त्याला समजावलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "बरोबर हाय. पण टाक."

मी टाकला. इंजिन सुरू झालं तेव्हा आरसा हलायला लागला, डॅशबोर्डवरच्या चिल्लरीचा आवाज व्हायला लागला, आणि धाकटा स्टिअरिंगला हात लावून डोळे मिटून बसला. दवाखान्यातून परतताना आई मागे बसली होती. आंजी गावाजवळ ट्रॅक्टरमागे गाडी हळू झाली. धाकट्यानं पाय दाबला, गाडी नुसती गुरगुरली, आणि मग टर्बो जागा झाल्यावर असा हिसका बसला की आई मागे सीटच्या पाठीवर आदळली. हे मला तिनंच फोनवर सांगितलं. "बाई, पोराले काई बोलू नको," ती म्हणाली. "पन पुढच्या खेपेले मी बसनं येतो."

बस म्हणजे तिच्या कमरेची काय गत होईल हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी धाकट्याला बोलावून घेतलं. रागावणारच होते. तो गॅरेजसमोरच्या कडुलिंबाखाली उभा होता, चहा हातात तसाच. म्हणाला, "मले बाबाचा चेहरा आठवत नाई, ताई. आवाजबी नाई. एकच आठोते. मी जीपमंदी बसलतो, जीप उभीच होती, अन् खालून सारं थरथरून राह्यलं होतं. माह्ये दातबी वाजत होते. तेवढाच बाबा हाय माह्याजवळ."

बाबा, मला तो दिवस पूर्ण आठवतो. आष्टीच्या बाजारचा दिवस, साहेब कचेरीत गेलेले, तुम्ही इंजिन चालूच ठेवून पान आणायला उतरलेले, आणि मी धाकट्याला मांडीवर घेऊन तुमच्या जागेवर बसलेली. ॲक्सिलरेटरवर माझा पाय जेमतेम पोचतोय आणि मी जोर देतेय. तुम्ही धावत येता. "उभ्या गाडीले काऊन रेस देऊन राह्यली? तिले कुठी जायाचं हाय का?" तुम्ही एरवी कधी आवाज चढवत नव्हता. मी रडत नाही, नुसती खाली उतरते, आणि थोड्या वेळानं तुम्ही मला कागदात गुंडाळलेला संत्र्याच्या बर्फीचा तुकडा देता. जीप थरथरायची ती इंजिनाखालचं रबर फाटलं होतं म्हणून. तुम्ही त्याबद्दल कितीदा अर्ज केला होता, आणि त्या थरथरीची तुम्हाला लाजच वाटायची. हे मी धाकट्याला सांगितलं. तो हसला, अगदी तुमच्यासारखा, मान एका बाजूला टाकून. "म्हंजे बाबालेच पटलं नसतं," तो म्हणाला. "तुह्या मनानं बसव."

मग मी माझ्या मनानं निवडला. व्हॉल्व थोडा जास्त उचलणारा, पण लवकर बंद करणारा, दोन्ही दारं फार वेळ एकत्र उघडी न ठेवणारा कॅम. गाडी आठवडाभर माझ्याकडे होती आणि आईसुद्धा. ती दारात खुर्ची टाकून मेथी निवडायची आणि मी इंजिन पान्यानं हातानं फिरवायचे, अगदी सावकाश, व्हॉल्व पिस्टनला कुठे टेकत नाही ना ते पाहत. अंशांची तबकडी, काटा, पुन्हा अर्धा फेरा. कॅमची पुली जरा पुढे सरकवली, मग लॅपटॉपवर पेट्रोल आणि ठिणगी जुळवली. अशा वेळी दुपार कुठे जाते कळत नाही. आई मधेच विचारायची, "झालं का व?" आणि मी "हो" म्हणायचे आणि पुन्हा फिरवायचे. गाडी सुरू केली तेव्हा ती शांत होती. खालच्या वेगातच टर्बो भरायला लागला, हिसका नाही, नुसती मागून कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखी.

काल आईला आष्टीला पोचवायला मीच निघाले. आंजी गेली, आर्वी गेली, ट्रक मागे पडत होते आणि आईला कळतही नव्हतं. तळेगावनंतर ती झोपली, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर. दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं, ऊन उतरलेलं. घर आलं आणि मी वळलेच नाही. साहूरच्या रस्त्याला लागले आणि तशीच जात राहिले, कुठे जायचं नसताना. धाकट्याचा फोन आला तेव्हा म्हटलं, नवा कॅम आहे, अजून थोडी चालवून बघावी लागते.

तसं काही लागत नव्हतं, बाबा. गाडी परवाच तयार झाली होती. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं तुम्हाला खरं सांगते.