कोण म्हणतं?

मी, खाली सही करणारी, अभियांत्रिकी महाविद्यालयाची निवृत्त ग्रंथपाल, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं शाबूत आहे हे मी सांगते म्हणून मानू नये. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर माझ्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांना समसमान. मी जिवंत असेपर्यंत ते विकणार नाही, हेही इथेच लिहून ठेवते. लांबच्या एका उपचारकेंद्रात माझा आजार हमखास बरा होतो असं मुलाने वाचलंय, आणि त्यासाठी तो घर विक म्हणून मागे लागला आहे.

२. टेबलावरची पितळी घंटी मुलीला. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी माहिती शोधायला आणि पारखायला शिकवत असे. कोणी "असं म्हणतात" म्हणालं की मी घंटी वाजवायची आणि अख्ख्या वर्गाने ओरडायचं, "कोण म्हणतं?" त्यावरून माझं नावच 'कोण-म्हणतं बाई' पडलं. पोरं संदर्भसूचीत नुसतं "इंटरनेट" लिहून मोकळी होत. पालथ्या घड्यावर पाणी! तरी दरवर्षी दोन-चार घडे सुलटे निघत. त्यांतला एक माझाच मुलगा.

३. टेबलफॅन यंत्र विभागाच्या प्रमुखांना. माझा तास त्यांनी कायम जेवणानंतर लावला, आणि वर "ग्रंथालयात पोरांची झोप छान होते" असं सांगत फिरले. आता त्यांनीही घ्यावी.

४. बँकेतलं, औषधांतून काही उरलंच तर, स्वयंपाकाच्या मावशींना. त्यांनी मला कधीही कुठला उपाय सुचवला नाही.

५. आता मुलगा. मध्यंतरी त्याने त्या उपचाराबद्दलचे सहा लेख आणले. "आई, बघ, सगळीकडे हेच लिहिलंय." मी उशीला टेकून एकेका लेखाच्या संदर्भांचा माग काढला. सहाही लेख त्या केंद्राच्या स्वतःच्याच जाहिरातीपाशी जाऊन थांबले. त्याला दाखवलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं," तो म्हणाला. "पण मग दुसरं काय करू मी?"

घंटी हाताशी होती, पण वाजवायला हात उचलला नाही. जन्मभर पोरांना उत्तरं कुठे शोधायची ते सांगितलं, आणि पोटच्या पोराला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. तो अजून रोज शोधतो. मला त्याला थांबवता येत नाही आणि बरंही होता येत नाही.

६. माझ्यानंतरही तो शोधत बसेल, आपलं काय राहून गेलं ते. म्हणून हे कलम त्याच्या एकट्याच्या नावे. बाळा, तुझ्याकडून काहीही राहिलेलं नाही. एकाच माणसाच्या शब्दावर विसंबू नये, हे मीच तुला शिकवलं. एवढं एक मात्र पडताळायला जाऊ नकोस.

कोण म्हणतं? मी म्हणते.

स्थळ: राहत्या घरातली मागची खोली
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावरचाच
सही: ग्रंथपाल (निवृत्त)

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणकाकू, ग्रंथालयातले जुने शिपाईदादा
(दोघांनाही पूर्ण वाचल्याशिवाय सही करू दिलेली नाही.)